उजेडाची झीज : रायगडच्या किनाऱ्यावर वीजवाहक पॉलिमर

अलिबागच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. एकदा मेच्या मध्याला, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. दोन्ही वेळा त्याची उंची तीच, पण मेमध्ये आकाश मोकळे असते आणि जुलैत मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत ढगांचे छत पसरलेले असते. छपरावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या एकाच तुकड्यावर या दोन महिन्यांत दोन निराळी संकटे येतात. मेमध्ये अतिनील किरणांचा मारा आणि साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापलेला पत्रा. जुलैत उजेड कमी, पण चोवीस तास ओल. आणि बारा महिने खारा वारा. साध्या मिठाला हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाणी सुटते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्यामुळे ते त्याहून बरीच कोरडी हवा असतानाही ओलसर राहते. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या छपरांवर पाऊस नसतानाही, थंडीतल्या रात्रीसुद्धा, खारट पाण्याचा अतिशय पातळ थर असू शकतो.

‘उन्हाने प्लास्टिक कुजते’ हे आपण सगळेच म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धे. या लेखात ज्या पदार्थांचा आढावा घ्यायचा आहे ते वीजवाहक पॉलिमर, म्हणजे विजेला वाट देणारे प्लास्टिक. शाईसारखे छापता येणारे सौर पडदे, गंजरोधक लेप, अमोनिया ओळखणारे संवेदक, पडद्यांवरचे पारदर्शक वाहक थर अशा अनेक रूपांत ते प्रयोगशाळेतून बाहेर आले आहेत. माझे म्हणणे असे की ज्या रचनेमुळे हे पदार्थ वीज वाहतात, त्याच रचनेमुळे ते उजेडाला बळी पडतात. म्हणून साध्या प्लास्टिकसाठी सापडलेले उपाय इथे अपुरे पडतात आणि काही तर चक्क उलटे पडतात. कोकणच्या किनाऱ्यावर यातले काय टिकेल, हे कोकणच्या किनाऱ्यावरच मोजावे लागेल.

आधी साधे प्लास्टिक

रायगडच्या कोळीवाड्यांत डोल जाळी पूर्वी सुताची आणि सणाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. आज जाळी नायलॉनची आणि पॉलिएथिलीनची आहेत. ती पाण्यात कुजत नाहीत, पण उन्हात पडून राहिली की त्यांना तुसे सुटतात, दोर चरचरीत होतो आणि जोर लावला की तुटतो. म्हणून जाळ्याचा ढीग सावलीत किंवा ताडपत्रीखाली ठेवायची पद्धत आहे, आणि ती ताडपत्रीही दोन-तीन उन्हाळ्यांत विरते.

यातली रसायनाची बाजू चमत्कारिक आहे. शुद्ध पॉलिएथिलीनने खरे तर सूर्यप्रकाश शोषूच नये. त्याच्या साखळीत कार्बन-कार्बनचे एकेरी बंध असतात, आणि ते ज्या तरंगलांबीचे किरण शोषतात ते किरण ओझोनचा थर जमिनीपर्यंत येऊ देत नाही. जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश सुमारे २९५ नॅनोमीटरपासून पुढे सुरू होतो आणि त्यातला अतिनील भाग ऊर्जेच्या हिशेबाने पाच टक्क्यांच्या आसपास असतो. तरी पॉलिएथिलीन झिजते, कारण ते शुद्ध नसते. दाणे वितळवून धागा ओढताना काही ठिकाणी ऑक्सिजन चिकटतो, उत्प्रेरकाचे अवशेष मागे राहतात. या दोषांवर उजेड पडला की मुक्तमूलके तयार होतात. मुक्तमूलक ऑक्सिजनला पकडते, शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढते, नवे मुक्तमूलक जन्माला घालते आणि ही प्रक्रिया स्वतःच स्वतःला वाढवत जाते.

३०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची ऊर्जा मोलमागे ४०० किलोजूलच्या घरात जाते. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला ३५० च्या आसपास लागते. म्हणजे मारेकऱ्याकडे हत्यार पुरेसे आहे, फक्त आत शिरायला दार हवे, आणि ते दार म्हणजे दोष. त्यामुळे उपायही सरळ आहेत. अतिनील किरण आधीच शोषून घेणारी बेंझोट्रायझोलसारखी द्रव्ये मिसळायची. मुक्तमूलकांना वाटेत पकडणारी अमाइन वर्गातली स्थिरके घालायची, ज्यांना उद्योगात ‘हॅल्स’ म्हणतात. किंवा सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय, काजळी. काळ्या पाइपात दोन-अडीच टक्के बारीक काजळी नीट मिसळलेली असली की पॉलिएथिलीन उघड्यावर अनेक वर्षे काढते. नागोठण्याचे संकुल, जे आयपीसीएलने उभे केले आणि आता रिलायन्सकडे आहे, तिथून बाहेर पडणाऱ्या पॉलिएथिलीन-पॉलिप्रॉपिलीनसारख्या मालाचे उन्हातले आयुष्य अशाच मिसळलेल्या द्रव्यांवर ठरते.

या काजळीचा आणखी एक गुण आपल्या विषयाला थेट भिडतो. तिचे प्रमाण वाढवत नेले, तर काजळीच्या प्रतीनुसार एका टप्प्यावर कण एकमेकांना टेकतात आणि प्लास्टिकमधून वीज वाहू लागते. २०१८ मध्ये उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटाला समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज दिली गेली. आजच्या अशा उच्चदाबाच्या केबलींत तारेभोवती आणि विद्युतरोधी थराबाहेर काजळीभरले अर्धवाहक पॉलिमर असते, विजेचा ताण एका जागी एकवटू नये म्हणून. रायगड जिल्ह्यात वीज वाहणारे प्लास्टिक आधीच पोचले आहे. ते गाळाखाली अंधारात पडून आहे, आणि त्याच्यावर उजेडाचा प्रश्न येतच नाही.

साखळीच वीज वाहू लागली तेव्हा

काजळी न घालता पॉलिमरची साखळी स्वतःच वीज वाहू शकते, हे १९७७ मध्ये जपानचे हिदेकी शिराकावा आणि अमेरिकेतले अ‍ॅलन मॅकडायरमिड व अ‍ॅलन हीगर यांनी दाखवले. पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडीनची वाफ दिल्यावर त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, १८६२ मध्ये, लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी आम्लात अ‍ॅनिलिनचे विद्युत-ऑक्सिडीकरण करून निळसर-हिरवा थर मिळवला होता. आज आपण त्याला पॉलिअ‍ॅनिलिन म्हणतो.

या सगळ्यांचे रहस्य एकच. साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येतात. दुहेरी बंधातले सैल इलेक्ट्रॉन एका जागी न राहता साखळीभर पसरतात. त्यातून एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला किंवा भर घातली, यालाच डोपिंग म्हणतात, की तो प्रभार साखळीवरून धावू शकतो.

पण सैल इलेक्ट्रॉन थोडक्या ऊर्जेनेही उत्तेजित होतात. पॉलिएथिलीनला अतिनील किरणांचाही थेट फरक पडत नाही, आणि सौरपेशींत सर्वाधिक अभ्यासला गेलेला पॉलिहेक्झिलथायोफीन मात्र जवळपास ६५० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश, म्हणजे तांबड्याच्या कडेपर्यंतचा दिसणारा उजेड, गिळतो. सौरपेशीला तेच हवे असते. म्हणून साध्या प्लास्टिकमध्ये दोषापुरते असलेले दार इथे साखळीच्या प्रत्येक कडीत उघडे आहे.

दुसरा फरक हानीच्या मोजमापाचा. जाळ्याच्या दोरातले काही धागे तुटले तरी दोर होडी ओढून आणतो. वीजवाहक साखळीला ती सवलत नाही. १९९४ च्या सुमारास पॉलिफिनिलीनव्हिनिलीनवर झालेल्या मोजमापांत दिसले की सुमारे चारशे एककांमागे एक कार्बोनिल दोष आला तरी त्या पदार्थाचे चमकणे निम्म्यावर येते. उत्तेजित ऊर्जा साखळीवरून भटकत जाते आणि तो एक दोष तिला गिळून टाकतो. पदार्थ हाताला धड लागतो, वाकवला तर मोडत नाही, आणि त्याचे काम मात्र संपलेले असते. डोळ्यांनी किंवा ओढून पाहून या पदार्थांचे आयुष्य ठरवता येत नाही, ते यामुळे.

उजेड नेमके काय तोडतो

या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीसेक वर्षांत बदलत आले, आणि तो बदल मला या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो.

१९९० मध्ये केंब्रिजच्या गटाने पॉलिफिनिलीनव्हिनिलीनमधून विजेने प्रकाश मिळवला तेव्हा त्या दिव्यांचे आयुष्य अगदी तोकडे होते. कारण लवकर सापडले. उत्तेजित साखळी आपली ऊर्जा ऑक्सिजनला देते, त्यातून सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे जास्त ऊर्जेचा आक्रमक ऑक्सिजन, तयार होतो आणि तो साखळीतल्या व्हिनिलीनच्या दुहेरी बंधावर तुटून पडतो. बंध फुटून दोन्ही टोकांना अल्डिहाइडसारखे कार्बोनिल गट उरतात. हे चित्र इतके नीटस होते की पुढे जवळजवळ प्रत्येक वीजवाहक पॉलिमरला तेच लावले गेले.

थायोफीनच्या बाबतीत ते चुकीचे ठरले. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या रिव्हातों आणि गार्देत यांच्या गटाने २००९ नंतरच्या अभ्यासांत पॉलिहेक्झिलथायोफीनच्या पातळ थरांवर उजेड टाकून अवरक्त किरणांनी टप्प्याटप्प्याने उत्पादने ओळखली. हल्ला मुख्य साखळीवर सुरू होतच नव्हता. तो सुरू होत होता बाजूला लोंबणाऱ्या हेक्झिल शेपटीवर, थायोफीनच्या वलयाकार कड्याला लागून असलेल्या पहिल्या कार्बनाशी. तिथला हायड्रोजन निघतो, मुक्तमूलक बनते, ऑक्सिजन चिकटतो आणि साध्या प्लास्टिकमधली तीच जुनी साखळी प्रक्रिया चालू होते. तिच्यात निर्माण झालेली मूलके मग थायोफीनच्या गंधकावर चढतात. गंधक आधी सल्फॉक्साइड, मग सल्फोन, आणि शेवटी कडे फुटून सल्फिनिक एस्टर असा प्रवास होतो. कडे फुटले की दुहेरी बंधांची सलग ओळ तुटते आणि जांभळट थर फिका पडत जातो.

गंमत अशी की ती शेपटी पॉलिमर द्रावकात विरघळावा म्हणून मुद्दाम लावलेली असते. शाई करून छापण्याची सोय तिच्यामुळेच होते. ज्याच्यामुळे पदार्थ हाताळता येतो तिथेच तो आधी जळतो.

तिसरी वाट इलेक्ट्रॉनची. सौरपेशीत पॉलिमरसोबत फुलरिनसारखा इलेक्ट्रॉन स्वीकारणारा रेणू मिसळतात. उत्तेजित इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फुलरिनकडे जातो की पॉलिमरला स्वतःचे नुकसान करून घ्यायला वेळच उरत नाही. हे एक प्रकारचे संरक्षणच. पण फुलरिनवर बसलेला इलेक्ट्रॉन पुढे ऑक्सिजनकडे गेला तर सुपरऑक्साइड तयार होतो आणि तो पुन्हा पॉलिमरवर हल्ला करतो. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी दाखवले की स्वीकारणारा रेणू इलेक्ट्रॉनला जितका घट्ट धरून ठेवतो तितका शेजारचा पॉलिमर जास्त टिकतो. पकड ढिली असली तर उलट, पॉलिमर एकटा असता तर झिजला असता त्यापेक्षाही लवकर झिजतो.

नव्या पिढीतल्या फुलरिनरहित स्वीकारकांनी, ज्यांत २०१५ चा आयटीआयसी आणि २०१९ चा वाय-६ हे गाजले, कार्यक्षमता एकोणीस टक्क्यांच्या पलीकडे नेली. त्यांच्यात मधल्या गाभ्याला दोन्ही टोकांशी जोडणारे दुहेरी बंध असतात, आणि ते उजेडात कमकुवत ठरतात. पेशीत वापरला जाणारा झिंक ऑक्साइडचा थर अतिनील किरण शोषून त्याच बंधांवर हल्ला चढवतो. तो थर टिन ऑक्साइडचा केला की आयुष्य वाढते. म्हणजे झीज कधी पदार्थात असते, कधी शेजाऱ्यात.

आतापर्यंतची उदाहरणे अडोपित, म्हणजे प्रकाश शोषण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिमरांची होती. वीज वाहून नेण्यासाठी डोप केलेले पेडॉट, पॉलिपायरोल आणि पॉलिअ‍ॅनिलिन यांची कथा वेगळी आहे. त्यांच्यातला इलेक्ट्रॉन आधीच काढून घेतलेला असल्यामुळे पुढचे ऑक्सिडीकरण अवघड जाते, म्हणून ते उजेडात तुलनेने चिवट असतात. पेडॉट १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या बायरमध्ये आले आणि आधी छायाचित्रांच्या फिल्मवर स्थिर विजेविरुद्धचा लेप म्हणून वापरले गेले. पण त्याचा जोडीदार पॉलिस्टायरीन सल्फोनिक आम्ल पाणी शोषतो आणि आम्लधर्मी असल्यामुळे शेजारचा पारदर्शक विद्युतअग्र कुरतडतो. अतिनील किरण, ऑक्सिजन आणि ओल एकत्र आली की पेडॉटचीही वाहकता घसरत जाते.

किनाऱ्याचा हिशेब

पॉलिअ‍ॅनिलिनचे उदाहरण मुद्दाम सविस्तर घेतो, कारण रायगडसारख्या किनाऱ्यासाठी त्याचीच सर्वाधिक आशा बाळगली जाते. त्याचे वाहक रूप हिरवे असते आणि त्याला आम्लाची साथ लागते. सामू चारच्या वर गेला की ते आम्ल सोडू लागते, निळे होते, आणि वाहकता अनेक दशमान पायऱ्यांनी कोसळते. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या किंचित वर असतो. म्हणजे खाऱ्या पाण्याचे तुषार आणि मग पावसाची धुलाई असा क्रम आला की उजेडाने काही करायच्या आधीच काम बिघडते. साधे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले असेल तर ते धुऊन निघते. कापूर-सल्फोनिक किंवा डोडेसिलबेंझीन-सल्फोनिक आम्लासारखे मोठे रेणू जागचे हलायला वेळ घेतात. किनाऱ्यासाठी निवड करताना हा मुद्दा प्रकाशस्थैर्याइतकाच तोलाचा मानला पाहिजे, आणि प्रयोगशाळेतल्या कोरड्या झेनॉन दिव्याखाली तो दिसतच नाही.

गंजरोधक लेपांत मात्र परिस्थिती अनुकूल आहे. १९८५ मध्ये डेबेरी यांनी स्टेनलेस पोलादावर पॉलिअ‍ॅनिलिनचा थर दिल्यास आम्लातही पोलादाचे संरक्षक कवच टिकते असे दाखवले, आणि तिथून या दिशेला वेग आला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पॉलिअ‍ॅनिलिन आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्मकणांचा गंजरोधक लेप मांडला. त्याच प्रयोगशाळेत आर. पी. सिंग यांच्या गटाने पॉलिमरांच्या प्रकाश-ऑक्सिडीकरणावर दीर्घकाळ काम केले. हे दोन धागे एकत्र आणले तर आपल्या किनाऱ्याच्या उपयोगाचे पुष्कळ हाती लागेल. कारण टायटॅनियम डायऑक्साइड अंधारात अडथळ्याचे काम करतो, पण अतिनील उजेडात तो स्वतःच उत्प्रेरक होऊन भोवतालचे पॉलिमर जाळतो. रंग उद्योगात म्हणूनच रुटाइल जातीचे कण अ‍ॅल्युमिना-सिलिकाने मढवून वापरतात.

यातून मला निघणारा निष्कर्ष असा. बंदरातल्या पोलादी खांबांवर, होडीच्या इंजिनाच्या बैठकीवर पॉलिअ‍ॅनिलिन वापरायचेच तर ते खालच्या प्रायमरमध्ये असावे, आणि वर उजेड अडवणारा अपारदर्शक थर असावा. तो वरचा थरही इपॉक्सीचा नको, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुकटी सोडते. अ‍ॅक्रिलिक किंवा अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा चालेल.

संवेदकांचे तसे नाही, त्यांना हवा लागते. थळला आरसीएफचा अमोनिया-युरियाचा कारखाना आहे. अमोनिया पॉलिअ‍ॅनिलिनमधले आम्ल ओढून घेतो आणि रोध वाढतो, म्हणून असा थर अमोनियाचा स्वस्त संवेदक होऊ शकतो. मासळी शिळी होताना सुटणारी अमाइनेही हेच करतात, आणि हिरव्याचे निळे होणारे ताजेपणाचे लेबल यावर बेतलेले आहे. रेवस किंवा मुरूडच्या मासळीच्या पेटीत असे लेबल ठेवायची कल्पना मला मनापासून आवडते. पेटीत अंधार असतो, गारवा असतो. पण बर्फाचे पाणी असते, आणि उघड्या बाजारात पेटी उघडली की ऊन असते. लेबलाचा रंग मासळीने बदलला की पाण्याने, याचा निवाडा देता आला नाही तर ते कोळणीच्या नुकसानीला कारण होईल. म्हणून वायूला वाट देणारे आणि पाणी अडवणारे आवरण इथे अटळ आहे.

उपाय, आणि त्यांची किंमत

साध्या प्लास्टिकचे उपाय एकेक करून पाहिले की अडचण कळते. काजळी घातली तर सौरपेशी आंधळी होते. हॅल्स ही अमाइने आहेत, म्हणजे अल्कधर्मी. आम्लाने डोप केलेल्या पॉलिअ‍ॅनिलिन किंवा पेडॉटमध्ये ती घातली तर आम्ल त्यांना निकामी करते आणि ती आम्लाला. नेहमीच्या कारखान्यातले सर्वांत यशस्वी औषध इथे विष ठरते. अतिनील शोषकांनी तेवढी पंचाईत होत नाही. ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश पुढच्या पडद्यावरच गाळला तर सौरपेशीचा थोडाच प्रवाह जातो आणि थायोफीनची झीज लक्षणीय मंदावते, कारण या झिजेचा वेग अतिनीलाकडे झपाट्याने वाढतो. पण दिसणाऱ्या प्रकाशाने होणारी झीज चालूच राहते.

मग साखळीच अशी बांधायची की शेपटीला हल्ला होऊ नये. २०११ मध्ये डेन्मार्क आणि फ्रान्सच्या संशोधकांनी अनेक पॉलिमर एकाच मापाने तपासून काही आडाखे बांधले. बाजूच्या शेपट्या कमी तितके बरे, चार कार्बनांनी वेढलेला कार्बन वाईट, आणि एकमेकांत गुंफलेली सुगंधी कडी चांगली. शाई छापून झाल्यावर उष्णतेने शेपट्या तोडून टाकायची युक्तीही डेन्मार्कमध्ये क्रेब्स यांच्या गटाने वापरून पाहिली. नीट रांगेत बसलेली, स्फटिकासारखी रचनाही ऑक्सिजनला अडवते.

मिसळायच्या द्रव्यांत दोन दिशा मला खऱ्या आश्वासक वाटतात. एक, निकेलचे काही संकुल रेणू, जे साखळीला आम्लाची गरज नसलेल्या सौर मिश्रणांत ऑक्सिजनचा हल्ला परतवतात. दुसरी, वनस्पतींची. भाताच्या पानात दुपारच्या उन्हात हरितद्रव्याला सिंग्लेट ऑक्सिजनपासून वाचवणारा बीटा-कॅरोटीन सौरपेशीच्या मिश्रणातही तेच काम करतो, हे २०१९ मध्ये डेन्मार्कच्या सॉन्डरबोर्गमधील गटाने दाखवले. पेडॉटमध्ये गॅलिक आणि टॅनिक आम्ल घालून अतिनीलाविरुद्ध स्थैर्य वाढवतात. कोळीवाड्यात जाळी बुडवायच्या सालीच्या काढ्यात टॅनिनेच असत. तिथे त्यांचे काम जंतूंपासून वाचवण्याचे होते, इथे मुक्तमूलके पकडण्याचे. आपल्याकडच्या हिरड्यातही टॅनिन भरपूर असते, त्यामुळे या दिशेने स्थानिक कच्च्या मालावर काम करायला वाव आहे.

तरी शेवटी सगळे ऑक्सिजन आणि पाण्यावर येऊन थांबते. निर्वातात किंवा नायट्रोजनमध्ये याच पदार्थांची झीज कितीतरी मंद असते. म्हणून खरा उपाय आवरणाचा, आणि खरा खर्चही त्याचाच. साध्या पॉलिएस्टर पडद्यातून दिवसाला चौरस मीटरमागे काही ग्रॅम पाण्याची वाफ आत शिरते. सेंद्रिय सौरपेशीला ती ग्रॅमच्या हजाराव्या ते दहाहजाराव्या भागापर्यंत खाली हवी असते, आणि सेंद्रिय दिव्याला दहा लाखाव्या भागाइतकी. काच हे सहज जमवते, पण काच लावली की हलका, गुंडाळता येणारा पडदा हे आकर्षणच संपते. ऑक्साइड आणि पॉलिमरचे एकावर एक थर दिलेले लवचीक पडदे यावर आहेत. ते मधून टिकतात आणि कडेने गळतात. खाऱ्या हवेत कडेचा डिंक आणि तारेची जोडणी आधी जाते, त्यामुळे किनाऱ्यावर पडद्याच्या क्षेत्रफळापेक्षा परिघाकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

मोजायचे कुठे

सेंद्रिय सौरपेशींच्या चाचण्या २०११ पर्यंत प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या पद्धतीने घेत असे. त्या वर्षी ‘आयसॉस’ नावाचे सामायिक संकेत ठरले : अंधारात, दिव्याखाली, उघड्यावर, चढउताराच्या तापमानात, अशा पायऱ्या. कार्यक्षमता ऐंशी टक्क्यांवर यायला लागलेला काळ हे आयुष्याचे माप म्हणून रूढ झाले. सुरुवातीची झपाट्याची घसरण आणि नंतरचा संथ उतार वेगळे काढायची सवयही लागली. ही मोठी प्रगती आहे. तरी बहुतेक आकडे समशीतोष्ण देशांतल्या किंवा वाळवंटातल्या उन्हातले आहेत.

सिलिकॉनच्या पॅनेलबाबत आपल्याकडे हे काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीत २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर-प्रकाशविद्युत केंद्राने २०१३ पासून देशभर पॅनेलांच्या झिजेची पाहणी हवामान-विभागांनुसार केली, आणि उष्ण विभागांतली पॅनेले थंड विभागांतल्यांपेक्षा जास्त झिजतात हे आकड्यांनी पुढे आले. वीजवाहक पॉलिमरांसाठीही अशा कामाची गरज आहे, आणि त्यासाठी रायगडचा किनारा उत्तम आहे.

एकाच जागी वर्षानुवर्षे मोजत राहण्याची परंपरा अलिबागला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागच्या नव्या वेधशाळेत आणली गेली, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर मोजणी ठेवली, मालिका तुटू नये म्हणून. पॉलिमरांच्या मोजणीत ही समांतर नोंदीची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. एक नमुना किनाऱ्यालगत, दुसरा किनाऱ्यापासून बराच आत, लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी अतिनील किरणांची मात्रा, पृष्ठभाग ओला राहिल्याचे तास आणि हवेतून बसणाऱ्या मिठाचे प्रमाण यांची नोंद. थराची वाहकता चार टोकांच्या पद्धतीने, तारेच्या जोडणीचा रोध वगळून. रंग आणि अवरक्त शोषण सोबत, म्हणजे वाहकता आम्ल गेल्याने पडली की साखळी फुटल्याने, ते कळेल. आम्ल गेले असेल तर नमुना आम्लाच्या वाफेत धरल्यावर हिरवा होऊन परत येतो, साखळी फुटली असेल तर येत नाही. आणि प्रत्येक उन्हातल्या नमुन्याशेजारी एक जोडनमुना असाच, त्याच खाऱ्या वाऱ्यात, फक्त वर अपारदर्शक झाकण घालून ठेवलेला. तो नसेल तर झिजेतला उजेडाचा वाटा मिठाच्या आणि ओलीच्या वाट्यापासून वेगळा काढता येणार नाही, आणि आवरणावर खर्च करायचा की रेणूवर, हे ठरवता येणार नाही.